आयर्लंडचा 'आर्ड री': सगळ्या राजांच्या वरचा राजा नक्की करायचा काय?

चिंचगूळ

आम्ही नवनला राहतो, डब्लिनच्या वायव्येला. टाराची टेकडी इथून गाडीने पंधरा मिनिटांवर. लेकाला शाळेत तक्ता करायला दिलाय, विषय 'टाराचे उच्च राजे'. म्हणून रविवारी सगळे टेकडीवर गेलो. टेकडी म्हणायची एवढंच, पर्वतीइतकीही चढण नाही. वर गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, गोल गोल मातीचे बांध आणि अंगातलं जॅकेट उडवून नेईल असा वारा. बांधांच्या मध्ये एक उभा दगड, लिया फॉल. खरा राजा त्याच्यावर उभा राहिला की तो दगड ओरडायचा म्हणे. लेकाने हात लावून बघितला. ओरडला नाही.

येताना गाडीत प्रश्न सुरू झाले. राजवाडा कुठे गेला? नव्हताच बहुतेक. राजधानीचं शहर? नव्हतं. मग तो कायदे करायचा का? फारसे नाही. कर? सैन्य? आपण आज म्हणतो तसं नाही. शेवटी म्हणाला, "मग तो करायचा काय?"

मी म्हटलं, घरी जाऊन सांगते. ते आज तुम्ही सांगा. तक्ता शुक्रवारी द्यायचाय.

दगडफूल

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ओसरी

चांगला प्रश्न आहे, आणि लेकाने नेमकी दुखरी नस पकडली आहे.

आधी खालून वर जाऊ. त्या काळच्या आयर्लंडमध्ये 'तूअथ' नावाची छोटी छोटी राज्यं होती, अंदाजे शंभर ते दीडशे. आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान भरतील, पण प्रत्येकाला स्वतःचा राजा, म्हणजे 'री'. अशा काही राजांवर एक वरचा राजा, आणि त्याच्याही वर प्रांताचा राजा, म्हणजे 'राजांचा राजा'. इ. स. ७०० च्या आसपासची 'क्रीथ गावलख' नावाची कायद्याची पोथी आहे. तिच्यात ही उतरंड अशीच लावलेली आहे.

यातली मेख अशी की वरचा राजा खालच्या राजाच्या जमिनीचा मालक नसतो आणि त्याच्या रयतेचाही नसतो. संबंध फक्त राजाचा राजाशी. तो दोन गोष्टींतून दिसायचा. एक, खालचा राजा आपला मुलगा किंवा जवळचा नातलग वरच्याकडे ओलीस ठेवायचा. बेड्यांत ओलीस नसतील तो राजाच नव्हे, अशा अर्थाचं वचन त्यांच्या कायद्यात आहे. टारावरच्या सर्वांत जुन्या उंचवट्याला आजही 'ओलिसांचा ढिगारा' म्हणतात (तो मुळात राजांच्या कितीतरी आधीचा, अश्मयुगीन दफनाचा आहे, ती गोष्ट वेगळी). दुसरी गोष्ट, वरचा राजा खालच्याला 'टूअरस्टल' द्यायचा: घोडे, तलवारी, शिंगाचे पेले, झगे. ते घेतलं की तुम्ही त्याचे. आपल्याकडे दरबारात शिरपाव घेतला की जे व्हायचं तेच. परत जाताना गाई मात्र खालून वर जायच्या.

तेव्हा "करायचा काय" याचं पहिलं उत्तर: द्यायचा आणि कोणी कोणी घेतलं ते मोजायचा.

झणझणीत

म्हणजे ओलीस ठेवून घ्यायचे आणि वर त्यांच्या घरी भेटवस्तू पाठवायच्या? आमच्या ऑफिसात उलटं आहे, दर महिन्याला पगार देऊन ओलीस ठेवतात.

चिंचगूळ

झणझणीत, हसू नका, खरंच तसं आहे! लेक मागून स्क्रीनवर वाचत होता, एकदम ओरडला, "आई, टूअरस्टल म्हणजे सॅलरी!" शाळेच्या आयरिशच्या पुस्तकात आजही पगाराला तोच शब्द आहे. दगड ओरडला नाही, पण पोरगं ओरडलं.

कुळागर

धाग्यावर अजून कोणी लिओ वराडकरांचं नाव काढलं नाही म्हणजे काय! मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ, बापूस डॉक्टर, मुंबईहून तिकडे गेलेले. लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेले. तिथे पंतप्रधानाला 'टीशख' म्हणतात, म्हणजे पुढारी. उपपंतप्रधानाला 'टॉनिश्ता'. आता मजा बघा, टॉनिश्ता हा या राजेलोकांच्या काळातला शब्द. राजा जिवंत असताना त्याच्यामागून गादीवर कोण बसणार ते ठरवून ठेवायचे, तो टॉनिश्ता. वराडकर २०२० ते २२ टॉनिश्ताही होते आणि त्यानंतर परत टीशख झाले. म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणेच गेले म्हणायचं.

झणझणीत

मालवणी माणूस आर्ड री! देवा महाराजा, होय महाराजा!

ओसरी

कुळागर, टॉनिश्ताचा मुद्दा बरोबर, पण तो ठरवून ठेवावा का लागायचा हे महत्त्वाचं. थोरला मुलगाच गादीवर बसेल असा नियम नव्हता. एका पणजोबाचे जेवढे पुरुष वंशज, ते सगळे पात्र, म्हणजे काका, चुलतभाऊ, पुतणे, सगळेच. त्या गटाला 'डेर्वफिन्या' असं नाव आहे. मराठीत त्याला एकच शब्द पुरेसा आहे.

दगडफूल

भाऊबंदकी.

ओसरी

तीच. आणि त्यांच्या वार्षिकींतून, म्हणजे वर्षवार लिहिलेल्या नोंदींतून, पानोपानी हेच: अमक्याला त्याच्या भावाने मारलं, तमक्याचे डोळे चुलत्याने काढले.

तिरकस

विरजण घालायला आलोय, हलके घ्या.

वर सगळे 'उच्च राजा' हे खरंखुरं पद होतं असं धरून चालले आहेत. ओसरींनी ज्या पोथीचा दाखला दिला तिच्यात उतरंड कुठे संपते ते बघा. प्रांताच्या राजावर. अख्ख्या बेटाचा राजा, त्याचे हक्क, त्याचं येणं, यांतलं काही तिथे नाही. ज्या समाजाने मधमाश्यांवर स्वतंत्र कायदा लिहिला, तो समाज देशाच्या राजावर एक प्रकरण लिहायला विसरला असेल? राजा होता, पण तो 'टाराचा राजा' होता. त्याचं 'सगळ्या आयर्लंडचा अनादी काळापासूनचा राजा' हे रूप मठांतल्या विद्वानांनी आणि टाराची गादी धरून असलेल्या ई नेल घराण्याच्या भाटांनी नंतर रंगवलं. ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधीपासूनच्या राजांच्या याद्या आहेत, एकाही राजाची खाडाखोड न करता. आमच्या गावच्या देवळाच्या विश्वस्तांची यादीही इतकी सलग नाही.

ओसरी

बराचसा सहमत. याद्या बनवलेल्या आहेत यात शंका नाही. पण 'सगळं नंतर रचलं' हेही टोकाचं होतं. ७०३ साली कोनाक्ट प्रांतावर चाल करून गेलेला टाराचा राजा लोंगशेख मारला गेला, तेव्हा अल्स्टरच्या वार्षिकीत त्याला लॅटिनमध्ये 'आयर्लंडचा राजा' म्हटलंय. ६९७ मध्ये बिर या गावी बायका, मुलं आणि पाद्री यांना युद्धात हात लावायचा नाही असा कायदा झाला, आयोना बेटावरचा मठाधिपती अडोम्नान याने पुढाकार घेऊन केलेला. त्याला जामीन राहिलेल्यांची नव्वदच्या वर नावं आहेत, बेटाच्या सगळ्या भागांतले राजे आणि बिशप, आणि त्यांत हा लोंगशेख. म्हणजे त्याला स्वतःला कायदा करता येत नव्हता, पण एवढे लोक एका कागदावर आणायचे तर असा कोणीतरी लागायचा. पुढे ८६२ मध्ये माएल सेखनल वारला, त्याला तर 'अख्ख्या आयर्लंडचा राजा' अशी नोंद आहे. म्हणजे पदाआधी दावा आला, आणि दाव्यामागून हळूहळू ताकद.

तिरकस

'पदाआधी दावा' हे चालेल. तेवढ्यावर माझा आक्षेप मागे.

दगडफूल

धाग्यावर कोणीतरी आक्षेप मागे घेतला. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

हळदुली

उशिरा आले, पण माझ्या आवडीचा विषय. तुम्ही सगळे सत्ता, ओलीस, गाई यांतच अडकलात. त्या लोकांच्या दृष्टीने राजाचं खरं काम वेगळंच होतं. राजाने सत्याने वागायचं. त्याला ते 'राजाचं सत्य' म्हणत. ते असलं की पाऊस वेळेवर, गाईंना दूध, नदीत मासे, झाडं फळांनी वाकलेली. राजाने खोटा निवाडा दिला की दुष्काळ, रोगराई, हार. 'राजा कालस्य कारणम्' हे भीष्म युधिष्ठिराला सांगतात ना, अगदी तेच, फक्त तिथे गाई जास्त आणि ऊस नाही.

गादीवर बसणं म्हणजे राजाचं त्या भूमीशी लग्न अशी कल्पना होती. शिवाय प्रत्येक राजाला 'गेश' असायचे, म्हणजे न करायच्या गोष्टी. टाराच्या राजाचा एक: टारावर अंथरुणात असताना सूर्य उगवता कामा नये. त्याने सूर्याआधी उठायचं. (हे घरी मोठ्याने वाचून दाखवलं, परिणाम शून्य.)

आणि 'री' हा शब्द आपल्या 'राजन्'चा सख्खा चुलतभाऊ आहे. लॅटिनचा 'रेक्स' तिसरा. हे ओढूनताणून नाही, भाषाशास्त्रातलं पहिल्या धड्यातलं उदाहरण आहे.

तिरकस

आता 'टारा म्हणजे आपली तारा' असं कोणी लिहिण्याआधी धागा वाचनमात्र करा अशी संपादकांना विनंती.

झणझणीत

टारा = तारापूर. अणुभट्टीचा शोध आयरिश लोकांचा. सिद्ध झालं.

हळदुली

तिरकस, मी चुलतभाऊ म्हटलं, बाप म्हटलं नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या घरातून निघाल्या एवढंच. पण एक साम्य खरंच चक्रावणारं आहे. मोठ्या माणसाकडून येणं वसूल करायचं असेल तर आयरिश माणूस त्याच्या दाराशी उपाशी बसायचा. त्याकडे दुर्लक्ष करून घरधनी जेवला तर दुप्पट भरावं लागे. आपल्याकडे पेशवाईपर्यंत सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा आणि तो उठेपर्यंत आतल्यानेही जेवायचं नाही. शब्द वेगळे, पायरी तीच.

शेवगा

राजाच्या दारात असं बसता यायचं का? म्हणजे तुमचा 'उच्च राजा' कर्जबुडव्या निघाला तर?

ओसरी

शेवगा, याला त्यांनी काढलेली तोड फार आवडते मला. राजावर थेट दावा लावला तर त्याची अब्रू जाते, आणि अब्रू गेली तर राजेपण जातं. म्हणून राजाच्या जागी एक साधा शेतकरी ठरलेला असायचा. दावा त्याच्यावर लावायचा, जप्ती त्याच्या गुरांची, आणि राजाने त्याला नंतर भरून द्यायचं. कायदा राजालाही लागू, फक्त समन्स शेजाऱ्याच्या हातात.

झणझणीत

हे तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी करतात. भरून देण्याचा भाग सोडून.

शेवगा

तिरकस यांनी मधमाश्यांचा कायदा सहज म्हणून आणला, पण तो इथेच लागतो! मी पेट्या ठेवते (मधाच्या), म्हणून हे प्रकरण मला पाठ आहे. कोंगल नावाचा टाराचा राजा होता. मधमाशी डोळ्याला चावली, एक डोळा गेला. अंगात व्यंग आलं की राजा राहता येत नसे. म्हणून गादी गेली. हे पुराणात नाही, मधमाश्यांच्या कायद्याच्या पोथीत निवाड्याचं उदाहरण म्हणून दिलंय! नंतर तो ६३७ मध्ये मा रॅथच्या लढाईत मारला गेला. इतिहासात त्याचं नाव राहिलं 'कोंगल काएख', कोंगल काणा.

एका माशीने बेटाचं राजकारण फिरवलं. माझ्या माश्यांनी आजवर फक्त पोस्टमन फिरवलाय.

वाटाड्या

सगळे इतके रमलेत की थोडं बोचरं लिहितो. या समाजात प्रत्येक माणसाची 'तोंडाची किंमत' ठरलेली होती. कोणी अपमान केला, इजा केली तर ती भरायची. तूअथच्या राजाची सात 'कुमल'. कुमल म्हणजे काय? गुलाम बाई. नंतर तो हिशेबाचा आकडा झाला, एक कुमल म्हणजे साधारण तीन दुभत्या गाई. पण शब्द तोच राहिला. राजाची इज्जत बायकांत मोजणाऱ्या लोकांच्या 'सत्याने पाऊस पडायचा' वगैरे गोड गोष्टी मला झेपत नाहीत. तक्त्यावर हेही लिहा.

हळदुली

लिहायलाच हवं. मी ते सोडलं, चूक झाली. मात्र 'राजाचं सत्य' गोड म्हणून नव्हतं सांगितलं. त्यात धमकी होती, पीक बुडलं की दोष तुझा. राजाला घाबरवायचं एवढंच हत्यार लोकांच्या हातात होतं.

पडवीतला बाक

राजा दिवसभर काय करायचा हे कोणी सांगतच नाहीये. त्याच 'क्रीथ गावलख' पोथीत राजाचं आठवड्याचं वेळापत्रक आहे! रविवारी बिअर पाजायची, नुसता पिणारा राजा कामाचा नाही. सोमवारी न्यायनिवाडा. मंगळवारी 'फिडखेल', आपल्या बुद्धिबळासारखा पटावरचा खेळ. बुधवारी शिकारी कुत्री धावताना बघायची. गुरुवारी बायकोसोबत. शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती. शनिवारी परत निवाडे.

झणझणीत

गुरुवारी?? आमच्याकडे गुरुवारी उपास असतो हो. दत्ताचा.

पडवीतला बाक

म्हणून आपल्याकडे आर्ड री झाले नाहीत.

क्लॉनटार्फची सून

ब्रायन बोरूशिवाय हा धागा पूर्ण कसा होईल, आणि मी राहते क्लॉनटार्फला. इथल्या पबमध्ये दुसऱ्या ग्लासानंतर प्रत्येकाला तो आठवतो: 'ब्रायनने व्हायकिंगांना हाकललं.' तसं झालं नाही.

ब्रायन मन्स्टर प्रांतातल्या दुय्यम घराण्यातला, ई नेलांच्या हिशेबात कोणीच नाही. भावाचा खून झाल्यावर ९७६ मध्ये पुढे आला. ९९७ मध्ये टाराचा राजा माएल सेखनल (८६२ वाला नव्हे, नंतरचा) याच्याशी त्याने बेट अर्धं अर्धं वाटून घेतलं. पाच वर्षांनी, १००२ मध्ये, माएल सेखनलने त्याच्यापुढे मान तुकवली. ई नेलांचा शतकानुशतकांचा मक्ता तिथे संपला. १००५ मध्ये ब्रायन आर्माला गेला आणि तिथल्या चर्चच्या वेदीवर २० औंस सोनं ठेवलं. तिथल्या दोनशे वर्षं जुन्या पोथीत त्याच्या लेखकाने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, 'स्कॉटांचा सम्राट'. तेव्हा स्कॉट म्हणजे आयरिश. राजा नाही, सम्राट! ती ओळ आजही त्या पानावर आहे. तिरकस यांच्या भाटगिरीच्या मुद्द्याला हे उत्तम उदाहरण, फक्त इथे भाट खऱ्या सत्तेबद्दल बोलतोय.

आता १०१४ ची क्लॉनटार्फची लढाई, गुड फ्रायडेची. समोर लेन्स्टर प्रांताचा राजा माएल मोर्दा आणि डब्लिनचा व्हायकिंग राजा सिट्रिक. माएल मोर्दाची बहीण गोर्मलाथ ही ब्रायनची सोडलेली बायको. सिट्रिक हा तिचाच पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा. आणि सिट्रिकची बायको? ब्रायनची मुलगी. म्हणजे ब्रायन लढला तो बायकोच्या भावाशी आणि जावयाशी, आणि जावई सावत्र मुलगाही. सिट्रिक स्वतः मैदानात उतरला नाही, डब्लिनच्या तटावरून बघत बसला आणि पुढे वीस-एक वर्षं निवांत राज्य करत राहिला. ब्रायनचं सैन्य जिंकलं, ब्रायन मेला, मुलगा मेला, नातू मेला.

दगडफूल

हे युद्ध आहे की लग्नाच्या हॉलमधलं मानपानाचं भांडण?

क्लॉनटार्फची सून

फरक आहार-व्यवस्थेचा असेल.

तिरकस

आणि त्यानंतर काय झालं ते माझ्या मुद्द्याचं. माएल सेखनल परत वर आला, १०२२ मध्ये वारला. पुढच्या दीडशे वर्षांतल्या राजांना आयरिश विद्वानांनीच नाव दिलंय, 'विरोधासह राजा'. म्हणजे आहे, पण सगळ्यांना मान्य नाही. काय प्रांजळ लोक! शेवटचा रॉरी ओकॉनर, ११६६ मध्ये बसला. त्याच वर्षी लेन्स्टरच्या डर्मट मॅकमरोला देशोधडीला लावलं. तो इंग्लंडच्या राजाकडे मदत मागायला गेला, ११६९ मध्ये नॉर्मन उतरले, ११७१ मध्ये दुसरा हेन्री स्वतः आला. ११७५ मध्ये विंडसरच्या तहात रॉरीने हेन्रीला वरचा मानलं. आर्ड रीच्याही वर एक राजा आला, आणि याला मात्र गाई आणि ओलीस पुरणार नव्हते, त्याला जमीन हवी होती.

ओसरी

शेवटचं वाक्य नेमकं. आधीचा सगळा खेळ माणसांवर चालायचा. म्हणूनच ऑगस्टच्या सुरुवातीची टेलटाउनची जत्रा एवढी महत्त्वाची. ती भरवणं हा टाराच्या राजाचा मान. शर्यती, सौदे, निवाडे, सोयरिकी. ८७३ मध्ये ती भरली नाही, तर वार्षिकी लिहिणारा हळहळून लिहितो की पूर्वी असं कधी ऐकलं नव्हतं. राजा किती मोठा हे जत्रेला कोण कोण आलं त्यावरून कळायचं.

कुळागर

टेलटाउन नवनपासून लांब नाही ना? चिंचगूळ, पुढच्या रविवारी तिकडे न्या पोराला.

चिंचगूळ

वीस मिनिटं. नेते. तिथे दुसरे दगड असतील हात लावायला.

तक्ता झाला, सकाळी दिला. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ओसरी आणि शेवगा. मधोमध काढलाय लिया फॉल, त्याच्याभोवती मधमाश्या (तेरा, मी मोजल्या). डावीकडे लिहिलंय 'त्याला काय करता येत नव्हतं', उजवीकडे 'तो काय करायचा': ओलीस सांभाळायचा, भेटी द्यायचा, जत्रा भरवायचा, खोटं बोलायचा नाही, एक डोळा गेला तर घरी जायचा. वाटाड्या, कुमल पण आहे, खाली एका चौकटीत. ती त्याने स्वतः मागितली. टेकडीवरचं चिंध्या बांधलेलं झाड सांगायचं राहिलं, लोक नवसाची फडकी बांधून जातात. तेही कोपऱ्यात काढलंय.

खाली पडवीतल्या बाकाचं वेळापत्रक, सात रकाने, सातही रंगवलेले.

झणझणीत

गुरुवारच्या रकान्यात काय लिहिलंत?

चिंचगूळ

'घरी.'